लांबच्या वाटेचं गाणं

डिंभे, शिनोली, घोडेगावपासून वर बोरघर-अडिवऱ्यापर्यंतच्या गावांतून दिवसभराची कामं उरकून इथे येऊन बसलेल्या मायबाप श्रोतेहो,

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. गुरुजी कविता चालीवर शिकवायचे. सगळा वर्ग एका सुरात म्हणत असायचा आणि ध्रुवपद आलं की आमचा आवाज चढायचा, कारण तेवढं सगळ्यांना पाठ असायचं. एक दिवस गुरुजींनी छडी टेबलावर आपटली आणि म्हणाले, "ध्रुवपद दुसऱ्यांदा म्हणताना पहिल्यासारखं म्हणू नका रे. मधल्या कडव्यात काय झालं ते ध्यानात ठेवून म्हणा." तेव्हा आम्हाला काही उमगलं नाही. पुढे मी पुण्यात संकलक झालो. चित्रीकरणाचे तुकडे कापायचे आणि जोडायचे, हे माझं काम. तीस वर्षं गाण्यांचे व्हिडिओ जोडता जोडता त्या वाक्याचा अर्थ मला लागत गेला. आजचं माझं बोलणं त्या एका वाक्यावरच उभं आहे.

माणूस कोसळतो आणि पुन्हा उभा राहतो. व्यसनातून, आजारातून, मारहाणीच्या संसारातून, दुष्काळातून, दरडीतून. हे खरं आयुष्य चार मिनिटांच्या गाण्यात डोळ्यांना कसं दाखवायचं, हा आजचा विषय. आपल्या भाषेत यासाठी फार चांगला शब्द आहे: सावरणं. ताप बरा होतो आणि विषय संपतो. सावरण्याचं तसं नाही. तोल सावरायचा असतो, पदर सावरायचा असतो, आणि तो दिवसातून दहा वेळा सावरायचा असतो. एकदा सावरला म्हणून कायमचा सावरला, असं होत नाही. माझ्या धंद्यातली सगळी अडचण इथेच आहे. गाण्याला चार मिनिटं मिळतात आणि सावरायला माणसाला चार वर्षंही पुरत नाहीत.

ही अडचण टाळायला आम्ही काही ठरावीक चित्रं वापरतो. तुम्ही ती शंभर वेळा पाहिली असतील. अंधाऱ्या खोलीत गुडघ्यात डोकं घालून बसलेला माणूस. मग सूर चढतो, खिडकी उघडते, ऊन आत येतं. बाटली फुटते. पाखरू उडतं. तो डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा राहतो आणि ड्रोन त्याच्याभोवती फिरतो. मी स्वतः अशी कितीतरी गाणी जोडली आहेत. त्यातली काही लोकांना आवडली, काही लग्नातही वाजली. पण ज्याच्यावर ही वेळ येऊन गेली आहे असा माणूस ती बघतो तेव्हा तो गप्प होतो. त्या गप्प होण्याचा अर्थ मला आपल्याच भागातल्या एका माणसाने सांगितला.

त्याचं नाव-गाव मी सांगणार नाही. दारू सुटून त्याला चार वर्षं झाली होती आणि त्याच्यावर व्यसनमुक्तीचं एक गाणं करायचं ठरलं होतं. कधी नव्हे तो मीही चित्रीकरणाला गेलो होतो. दिग्दर्शक तरुण होता, मनापासून काम करणारा. त्याने त्या माणसाच्या हातात बाटली दिली आणि ती मोरीत ओतायला लावली. उजेड नीट येईना म्हणून तीनदा ओतायला लावली. बाटलीत चहाचं पाणी होतं. त्या माणसाने तिन्ही वेळा निमूटपणे ओतली. नंतर ओट्यावर चहा पिताना तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "दादा, रागावू नका, पण मी बाटली कधी ओतली नाय. माझ्या हातात आलेली बाटली पिऊनच खाली जायची."

मी विचारलं, "मग सुटली कशी?"

"स्टँडवरून घरी जायला दोन वाटा हायेत. जवळची गुत्त्यावरून जाते. मी लांबच्या वाटेनं जायला लागलो." थोडं थांबून म्हणाला, "अजून लांबच्याच वाटेनं जातो."

मित्रहो, त्या दिवशीचं बाकीचं चित्रीकरण आम्ही थांबवलं आणि संध्याकाळी ती लांबची वाट चालून पाहिली. ओढ्याच्या कडेने जाते, दोन शेतांच्या बांधावरून जाते, वीस मिनिटं जास्त लागतात. पावसाळ्यात तिथे चिखल असतो. स्टँडपासून थोडं पुढे फाटा आहे. तिथून गुत्त्याचा पिवळा बल्ब दिसतो.

त्या गाण्यात ध्रुवपद तीनदा येत होतं. तिन्ही वेळा आम्ही तीच वाट दाखवली. पहिल्यांदा त्याच्याबरोबर त्याचा मेव्हणा आहे, कॅमेरा फक्त दोघांच्या पायांवर आहे, आणि एक पाऊल दुसऱ्याला जवळजवळ ओढत नेतं आहे. दुसऱ्यांदा तो एकटा आहे. फाट्यावर थांबतो. बल्बकडे बघतो. हा शॉट अकरा सेकंदांचा आहे. गाण्याच्या व्हिडिओत एक शॉट सहसा दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टिकत नाही, म्हणून ज्यांचे पैसे होते ते म्हणाले, इथे लोक कंटाळतील, छाटा. आम्ही छाटला नाही. तिसऱ्यांदा पाऊस आहे, डोक्यावर छत्री आहे, बाजाराची पिशवी आहे, आणि तो चालतो आहे. फाटा कधी मागे गेला ते त्याच्या लक्षात येत नाही आणि बघणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. शब्द तेच, चाल तीच. मधल्या कडव्यात जे घडलं ते मात्र आता त्या चालण्यात उतरलेलं आहे. बाटली ओतल्याचे तिन्ही शॉट मी काढून टाकले.

गुरुजी सांगत होते ते हेच होतं.

व्यसनाच्या बाबतीत आपल्याला फार लांब जायला नको. डॉ. अनिल अवचट आपल्या शेजारचे, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे. ब्राउन शुगरने पुण्यातली पोरं कशी पोखरली जात आहेत ते त्यांनी लिहिलं, आणि नुसतं लिहून ते थांबले नाहीत. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. त्यामागे पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंचा आधार होता. अनिताताई १९९७ मध्ये गेल्या, डॉ. अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी गेले. मुक्तांगण चालू आहे. तिथे दाखल झालेल्याला रुग्णमित्र म्हणतात. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण कॅमेऱ्याने त्या माणसाकडे कसं बघावं तेही त्यात सांगितलेलं आहे. तिथला उपचार पस्तीस दिवसांचा. पण खरी परीक्षा छत्तिसाव्या दिवशी, घरच्या उंबऱ्यावर सुरू होते, हे तिथे राहून आलेला कोणीही सांगेल. पुन्हा प्यायला गेला तर ते 'स्लिप झाली' म्हणतात. घसरला, आता उठायचं. आणि व्यसनमुक्तीच्या सगळ्या चळवळीत जे एक वाक्य ऐकू येतं ते म्हणजे 'फक्त आजचा दिवस'. आज प्यायची नाही, उद्याचं उद्या. रोज सकाळी तेच वाक्य. पहिल्या दिवशी म्हटलेलं आणि दोन हजाराव्या दिवशी म्हटलेलं ते वाक्य अक्षराने एकच असतं. ते ध्रुवपदच आहे.

म्हणून मला वाटतं की सावरण्याची गोष्ट सांगायला गाण्यासारखं दुसरं माध्यम नाही. कथेला पुढे जावं लागतं, गाण्याला परत यावं लागतं. सावरणारा माणूसही रोज परत त्याच जागी येतो: त्याच फाट्यावर, त्याच खाटेवर, त्याच स्वयंपाकघरात. गाण्याच्या या स्वभावाचा उपयोग करून घ्यायचा की नुसती खिडकी उघडून मोकळं व्हायचं, हे करणाऱ्याच्या हातात आहे.

२००० साली ब्रेकथ्रू या संस्थेने केलेला 'मन के मंजीरे' हा व्हिडिओ इथल्या जरा वयाने मोठ्या मंडळींना आठवत असेल. शुभा मुद्गल यांचा आवाज, प्रसून जोशींचे शब्द, शंतनू मोईत्रांचं संगीत. गुजरातमधल्या एका स्त्रीच्या खऱ्या आयुष्यावरून तो सुचला होता. मारहाणीचा संसार सोडून ती गाडी चालवून पोट भरू लागली होती. व्हिडिओत मीता वसिष्ठ ट्रक चालवते आणि वाटेतल्या बायका त्या ट्रकवर चढत जातात. त्या काळी पडद्यावर मारहाण सोसणाऱ्या बाईचा सुजलेला चेहरा दाखवण्याची पद्धत होती. इथे चेहऱ्यापेक्षा हातांना महत्त्व मिळालं. स्टिअरिंगवरचे हात आपण बघत राहतो. ज्या हातांनी मार चुकवला असेल तेच हात आता एवढं मोठं धूड वळवताहेत. दुःख किती होतं ते त्या हातांच्या पकडीवरून कळतं, वेगळं सांगावं लागत नाही. मी तरुण संकलकांना नेहमी सांगतो, डोळ्यातलं पाणी शोधू नका, हात शोधा. माणूस सावरतो आहे की नाही ते हातांना आधी कळतं.

इथे मला एक अवघड गोष्ट बोलायची आहे आणि ती आपल्या नारायणगावची आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची आठवण आपण अभिमानाने सांगतो. दिवस भरलेले असताना त्या तमाशाच्या फडावर उभ्या राहिल्या, मध्येच पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या. ही गोष्ट सांगताना आपण टाळ्या वाजवतो. विठाबाईंच्या थोरवीपुढे मी नतमस्तक आहे, पण या गोष्टीवर टाळ्या वाजवायला माझे हात उठत नाहीत. मला त्यात अंग टेकायला घटकाभरही न मिळालेली बाई दिसते. त्या रात्री प्रेक्षकांना काय झालं ते कळलं तेव्हा त्यांनीच खेळ थांबवायला सांगितलं, असंही सांगतात, आणि मला त्या प्रेक्षकांचा आदर वाटतो. आजच्या गाण्यांत हीच चूक नव्या कपड्यांत येते. कर्करोगाचे उपचार संपले की लगेच ती बाई डोंगर चढताना दाखवायची. अपघातात पाय गेला की पुढच्याच अंतऱ्यात तो धावताना दाखवायचा. मधलं पडून राहणं, चिडणं, भिंतीकडे तोंड करून झोपणं, पोटच्या पोरावर ओरडणं, हे सगळं आम्ही कापून टाकतो. त्यामुळे घरात खाटेवर पडून ते गाणं बघणाऱ्या बाईला वाटतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. एका संकलकाच्या कातरीने एवढं नुकसान होऊ शकतं.

मोठ्या चित्रपटाला हे मधलं दाखवायला वेळ मिळतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' पाहा. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. जगण्यावरून मन उडालेला एक तरुण, त्याला घरी आणणारी अनोळखी बाई, कोकणचा किनारा, आणि अंड्यांतून बाहेर येऊन समुद्राकडे सरकणारी कासवाची पिल्लं. तो मुलगा किती वेळ कोणाशी बोलतच नाही! गाण्याला इतका वेळ नाही, हे मान्य. पण गप्प बसण्याची ती हिंमत गाण्यात अकरा सेकंदांपुरती तरी आणता येते.

एकट्या माणसासारखं गावही कोसळतं आणि सावरतं. २०१७ साली पाणी फाउंडेशनने वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेसाठी 'तुफान आलंया' हे गाणं केलं, अजय-अतुल यांचं. स्पर्धा आदल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत झाली होती, त्या वर्षी ती तीस तालुक्यांत गेली. मला या गाण्यात एक गोष्ट विलक्षण वाटते. ते काम झाल्यावर विजय साजरा करायला केलेलं नव्हतं, कामाला बोलवायला केलेलं होतं. टिकाव, फावडं, घमेलं, हातांची साखळी आणि उन्हात चमकणारा घाम. टिकावाचा घाव आणि गाण्याचा ठेका एका जागी पडतो. आपल्याकडे शेतात काम करताना म्हटली जाणारी भलरी याच कामाची होती. ताल आधी हातात असायचा, मग गळ्यात यायचा. अर्थात गाण्यात सुरुवात दाखवली गेली. बांधलेले बांध पुढे कोणी राखले, पाणी उपसण्यावर कोणी मर्यादा घातली, हा मधल्या कडव्याचा भाग गावागावाने आपापला लिहायचा होता. काही गावांनी लिहिला, काहींनी नाही.

गाण्याने खरोखर कोणाचं काही होतं का, असं मला नेहमी विचारतात. अमेरिकेतलं एक उदाहरण देतो. लॉजिक नावाच्या रॅप गायकाने २०१७ साली आपल्या गाण्याला नाव म्हणून आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनचा फोन नंबरच दिला. व्हिडिओत घरात आणि शाळेत एकटा पडलेला एक मुलगा आहे. तो जीव द्यायच्या टोकाला येतो, फोन करतो, आणि शेवटी आपल्याला त्याचं पुढचं आयुष्य दिसतं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२१ च्या डिसेंबरमध्ये यावरचा अभ्यास आला. या गाण्याची सर्वांत जास्त चर्चा झाली त्या ३४ दिवसांत हेल्पलाइनला नेहमीच्या अंदाजापेक्षा ९,९१५ फोन जास्त आले, आणि त्याच दिवसांत आत्महत्या अंदाजापेक्षा २४५ ने कमी होत्या. गाण्यामुळेच हे झालं असं संशोधकांनी छातीठोकपणे म्हटलेलं नाही आणि मीही म्हणणार नाही. पण २४५ ही संख्या मी विसरू शकत नाही. इथल्या एखाद्या वाडीची लोकवस्ती तेवढी असते. आपल्याकडे टेली-मानस या हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून. रात्री-अपरात्री लावा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. लिहून घ्या आणि घरात दिसेल असा लावून ठेवा.

आता आपल्या डिंभे धरणाच्या पाण्याकडे येतो. घोड नदीवरचं हे धरण कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांतलं एक. जलाशयाला महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. तालुक्याला ज्या गावाचं नाव, ते जुनं आंबेगाव या पाण्याखाली आहे. इथे बसलेल्या अनेकांची घरं, शेतं आणि देव त्या तळाशी आहेत. आज पुण्याहून जोडपी लग्नाआधीचं चित्रीकरण करायला या पाण्याच्या कडेला येतात. येऊ देत, त्यांचा आनंद खरा आहे. पण मी त्या चित्रीकरणात निळं पाणी बघतो तेव्हा मला गाळपेर आठवते. उन्हाळ्याकडे पाणी उतरतं, बुडालेल्या जमिनीची कड उघडी पडते, आणि ज्यांची जमीन गेली ते महादेव कोळी शेतकरी त्या ओल्या गाळात पेरतात. पाऊस आला की जमीन पुन्हा बुडते. पुढच्या वर्षी पुन्हा उतरतं, पुन्हा पेरतात. या गाळपेरीचा आणि जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मिळावा म्हणून इथली माणसं शाश्वत संस्थेबरोबर वर्षानुवर्षं झगडली. त्या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. जगाच्या पाठीवर सावरण्याचं यापेक्षा सरळ चित्र मी पाहिलेलं नाही. पाणी येतं, पाणी जातं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये माणूस पीक काढतो. याचं गाणं करायला संगीतकाराला ध्रुवपद शोधावं लागणार नाही.

आणि आपलं माळीण गाव. ३० जुलै २०१४ ची सकाळ. डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला हे प्रथम कळलं ते एसटीच्या चालकाकडून. तो नेहमीप्रमाणे गाडी घेऊन गेला आणि जिथे गाव असायचं तिथे त्याला चिखल दिसला. पुढच्या काही दिवसांत ढिगाऱ्याच्या फोटोंना करुण सूर लावलेल्या चित्रफिती माझ्याही मोबाइलवर आल्या. आपली माणसं अजून सापडत नव्हती आणि त्यांच्यावर बासरी वाजत होती. करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला माहीत आहे. पण ते चुकलं होतं, हे आज या ठिकाणी मी स्पष्ट बोलतो. रडणाऱ्या माणसाचा चेहरा जवळून घ्यायचा अधिकार कोणालाही आपोआप मिळत नाही.

२०१७ च्या एप्रिलमध्ये आमडे इथे नवं माळीण उभं राहिलं. घरं झाली, शाळा झाली. माझ्या डोक्यात या गावाचं एक गाणं कितीतरी वर्षं आहे. त्यात ढिगारा नाही. त्यात एक एसटी आहे. पहिल्या ध्रुवपदाला धुकं, पावसाने ओघळणारी काच, वायपर आणि अचानक थांबलेली गाडी. पुढे काय आहे ते दाखवायचंच नाही. दुसऱ्या ध्रुवपदाला तीच गाडी, रिकामी, दार उघडं, कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही. तिसऱ्याला नव्या गावाच्या थांब्यावर दप्तरं घेतलेली पोरं, एका म्हातारीचं बोचकं, कंडक्टर ते वर घेतो, दार लागतं, घंटी दोनदा वाजते. हे गाणं मी केलेलं नाही. तिथल्या माणसांनी कधी म्हटलं की आता करा, तर करीन. नाही म्हटलं तर ते माझ्या डोक्यातच राहील.

इथे मागच्या बाजूला उभी असलेली तरुण मुलं मला दिसताहेत. तुमच्या खिशात आज जो मोबाइल आहे तसा कॅमेरा मिळवायला आम्हाला भाडं भरून रात्र रात्र थांबावं लागायचं. तुम्ही नाणेघाटात, माळशेजला, शिवनेरीच्या पायथ्याशी गाण्यांचं शूटिंग करता, ती गाणी मी बघतो आणि मला ती आवडतात. तुम्ही सावरणाऱ्या माणसाचंही गाणं करा. दारू सोडलेल्या मामाचं करा, बाळंतपणानंतर मन कोमेजलेल्या वहिनीचं करा, मुंबईहून आजारी होऊन परत आलेल्या भावाचं करा. फक्त मोबाइल काढायच्या आधी त्याच्याबरोबर चार दिवस चाला आणि त्याची लांबची वाट कोणती ते विचारा. गाणं जोडून झालं की ते आधी त्याच्या घरी घेऊन जा, त्याच्या माणसांसमोर लावा आणि स्वतः गप्प बसा. तो म्हणाला हे दाखवू नका, तर तो शॉट कितीही सुंदर आलेला असला तरी काढून टाका.